चार एक चार एक

२ मार्च २०२६, सोमवार

ही डायरी प्रबोधची, म्हणजे त्याच्यासाठी आलेली. जहाजांना सामान पुरवणारी एक कंपनी दरवर्षी त्याला अशी जाडजूड निळी डायरी पाठवायची आणि दरवर्षी तो ती कोरीच्या कोरी कपाटात टाकायचा. ही २०२५ची आहे. त्यातली जानेवारीची सतरा पानं तो जगला, लिहिलं एकाही पानावर नाही. मी छापलेला वार खोडून वर बरोबर वार लिहिते आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढल्या, आता चुकीचा वार डोळ्यांना सहन होत नाही.

लिहायला बसले त्याचं कारण गाडी. आज पत्र आलं. २७ एप्रिलला तिची दहा वर्षं पुरी होतात. इथे सिंगापूरला गाडी रस्त्यावर ठेवायचा परवाना दहा वर्षांचा. तो संपला की एक तर पुन्हा डोळे पांढरे करणारी रक्कम भरून तो वाढवायचा, नाहीतर गाडी मोडीत काढायची. गाडी ठणठणीत आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

मी मोडीत काढणार. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. प्रबोध गेल्यापासून चौदा महिन्यांत मी ती तीनदा चालवली, त्यातही एकदा नुसती सुरू करून बंद केली. ब्लॉकच्या पार्किंगमध्ये चौथ्या मजल्यावर धूळ खात पडली आहे. बुकित पंजांगहून बुओना व्हिस्टाला ऑफिसला जायला मला ट्रेन पुरते.

५ मार्च, गुरुवार

उगाच उल्काला कळवलं. कर्तव्य म्हणून एक ओळ टाकली, की गाडी काढते आहे. उल्का प्रबोधची धाकटी बहीण, पुण्यात एकटी राहते. आमच्यात तसं बोलणं नाहीच. तरी ऑफिसातून घरी पोचते न पोचते तोच तिचा फोन.

"वहिनी, गाडी जाऊ दे. पण नंबर ठेवा."

"कसला नंबर?"

"गाडीचा. चार एक चार एक. तिकडे गाडी गेली तरी नंबर आपल्याकडे ठेवता येतो. दादाने मला सांगितलं होतं."

म्हणजे माझ्या गाडीचं काय करता येतं हे त्याने हिला सांगून ठेवलं होतं, मला नाही. मी म्हटलं, "बघते." ती म्हणाली, "बघू नका, ठेवा. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही." हे मात्र खरं आहे. मागत नाही, फक्त टोचून बोलते.

मंडाईच्या स्मशानात, प्रबोधला आत नेल्यावर, सगळ्या लोकांसमोर ही म्हणाली होती, "माझ्या दादाला हाक मारणारं कुणी उरलं नाही." मला मूल नाही, हे मला माहीत नव्हतं का? तिलाही नाही. पण टोमणा मला. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलते आणि तीही ‘तू’वरून ‘तुम्ही’वर गेली.

८ मार्च, रविवार

हा नंबर काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे माझा राग बिनबुडाचा नाही हे मलाच पटेल.

आपल्याकडे जीपवाल्यांना नंबरातून नावं काढायची हौस. आकडे देवनागरीत, जरा वळणं देऊन, वर रेघ ओढून लिहायचे. दोनशे चौदा असेल तर त्याचा ‘राम’ होतो. चार एक चार एकचा ‘दादा’. पुण्यात गल्लीगल्लीत असले दादा फिरायचे आणि पोलीस त्यांना दंड करायचे. प्रबोधने गाडी घरी आणली तेव्हा मी खाली उतरून नंबर बघितला आणि म्हटलं, "चार एक चार एक! म्हणजे ‘दादा’ ना? अरे, तू कधीपासून जीपवाला झालास?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो. दादा."

बोली लावून घेतला होता. दुसऱ्या कुणीही बोली लावली नव्हती. इथल्या चिनी लोकांना चार म्हणजे मरण, त्यात दोनदा चार. शेजारचे मिस्टर लिम दहा वर्षांत एकदाही आमच्या शेजारच्या चौकटीत गाडी लावायला तयार झाले नाहीत.

दादा त्याला एकटी उल्काच म्हणायची. जगात दुसरं कुणीच नाही. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं मी नवऱ्याशेजारी ज्या गाडीत बसले तिच्यावर पुढे आणि मागे नणंदेची हाक लावलेली होती. इंग्रजी आकड्यांत, त्यामुळे या अख्ख्या बेटावर ती फक्त मला वाचता येत होती. मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिताना वाटतंय, बोलायला हवं होतं.

१४ मार्च, शनिवार

मिस्टर कोह यांच्याकडे जाऊन आले. उबीला गॅरेजांच्या रांगेत त्यांचं एक खोलीचं ऑफिस आहे. गाड्या मोडीत काढायची सगळी कागदपत्रं ते करून देतात. साठीचे असतील. टेबलावर कॉफीची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात स्ट्रॉ.

नंबर बघून हसायला लागले. "फोर वन फोर वन! हूज आयडिया? युअर हजबंड नॉट स्केअर्ड, आह?"

मी म्हटलं, घाबरायच्या गोष्टींची त्याची यादी वेगळी होती. मग विचारलं, नंबर ठेवायचा झाला तर?

त्यांनी समजावून सांगितलं. गाडीची नोंदणी रद्द करण्याच्या आधी अर्ज करायचा. आधी, हे त्यांनी टेबलावर बोट आपटून दोनदा सांगितलं. मग काही महिन्यांच्या आत तो नंबर स्वतःच्या दुसऱ्या गाडीवर चढवायचा. मुदत थोडी वाढवून मिळते, पण गाडीच घेतली नाही तर नंबर गेला. आणि अर्ज न करता नोंदणी रद्द झाली तर त्याच मिनिटाला गेला. "आफ्टर दॅट यू क्राय ऑल्सो नो यूज."

"यू बाइंग न्यू कार?"

"नाही."

"देन कीप नंबर फॉर व्हॉट?"

याचं उत्तर उल्काकडे असेल.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली नाही. ऑफिसला गेले. संध्याकाळी श्रीखंडाचा डबा आणला, दोन चमचे खाल्लं आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

उल्काचा मेसेज: "पाडव्याच्या शुभेच्छा. नंबराचं काय केलंत?" मी लिहिलं, दुसरी गाडी घेतली तरच नंबर राहतो आणि मी गाडी घेणार नाही. तिचं उत्तर लगेच: "कधीतरी घ्याल. निदान तेवढे महिने तरी राहील."

तेवढे महिने राहून काय होणार आहे? पुढे आणखी एक मेसेज: "दादाने नंबर कधी घेतला ती तारीख तुमच्याकडे असेल. एकदा बघा." आता ही माझ्याकडून कागदपत्रं तपासून घेणार. मी निळ्या खुणांवर सोडून दिलं.

२६ मार्च, गुरुवार

जेवताना मीनलला सांगितलं. मीनल माझ्याच टीममध्ये आहे, ठाण्याची, स्वभावाने सरळ. ती म्हणाली, "अगं, ठेव ना मग. तुझं काय जातंय? थोडी फी आणि एक फॉर्म."

मी म्हटलं, माझं काय जातंय ते तुला कळणार नाही.

"तुला त्या नंबराचा राग आहे की तिचा?"

मी तिला म्हटलं, डोसा गार होतोय. फूड कोर्टमध्ये इतका गोंगाट होता की तिला बहुतेक ऐकू गेलं नाही.

५ एप्रिल, रविवार

आज गाडी रिकामी केली. बॅटरी मेलेली, त्यामुळे खिडक्याही उघडेनात. दारं सताड उघडी टाकून घामाघूम होत बसले. छत्र्या दोन. सुपारीची डबी. त्याचा वाचायचा चष्मा, जो हॉस्पिटलात हरवला म्हणून मी तिथल्या नर्सशी भांडले होते. तिची माफी मागायला हवी, आणि तिचं नावही माहीत नाही.

पुढच्या कप्प्यात गाडीची फाइल. त्यात नंबराच्या बोलीचा निकाल. तारीख १२ फेब्रुवारी २०१६.

गाडी आली एप्रिलच्या शेवटी. म्हणजे गाडी ठरायच्याही आधी याने नंबर घेतला होता. आणि १२ फेब्रुवारीला मी कुठे होते? हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावर. मुलासाठीचा आमचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न ८ तारखेला संपला होता. डॉक्टरीण म्हणाली होती, आता शरीराला आणखी त्रास देऊ नका. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि हा बाहेर व्हरांड्यात सारखा फोनवर. आत आला की चेहरा नको तितका शांत असायचा. ऑफिसचं काम आहे म्हणायचा. काम म्हणजे हे! बायको तशी पडलेली असताना हा बहिणीच्या हाकेसाठी बोली लावत होता.

आणखीही आठवलं, आता लिहूनच टाकते. १९ फेब्रुवारीला, मला घरी सोडून दोन दिवस झाले नव्हते, तो मुंबईला गेला. चार दिवस. गोदीत जहाज आलंय म्हणाला. परत आला तो दाढी वाढलेला, आणि आल्या आल्या बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा तास. मी दाराबाहेरून विचारलं तेव्हा म्हणाला, "उल्काचं सातव्या महिन्यात गेलं." मला तर तिला दिवस गेलेत हेही कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जिवाला लागेल म्हणून, सासूबाई नंतर म्हणाल्या. मी अंथरुणातून तिला दोन ओळी पाठवल्या होत्या. ‘वाईट वाटलं. काळजी घे, पुन्हा होईल.’ माझी स्वतःची अवस्था काय होती, तरी पाठवल्या. तिचं उत्तर आलं नाही. तेव्हापासूनच तिचं माझ्याशी बिनसलं. आपल्या दुःखाला कुणी हात लावलेला काही माणसांना चालत नाही.

फाइल घरी घेऊन आले आणि निकालाचा कागद फाडला. नंबर ठेवणार नाही. ठरलं.

११ एप्रिल, शनिवार

मिस्टर कोहना कळवलं. २० तारखेला टो करून नेतील.

पासिर रिसच्या समुद्रावर आम्ही या गाडीने दर महिन्याला जायचो. जाऊन फारसं काही करायचो नाही. तो जहाजं मोजायचा, कुठलं रिकामं आणि कुठलं भरलेलं ते पाण्याच्या रेषेवरून सांगायचा. मला त्यात काडीचा रस नव्हता. आज दिवसभर वाटत राहिलं, एकदा तरी रस दाखवायला हवा होता. मला त्याची फार आठवण येते आणि ती आली की मला त्याचा रागच येतो. हे दोन्ही एकदम कसं होतं ते मला कळत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

उल्काला लिहिलं: "सोमवारी गाडी जातेय. नंबर ठेवणं जमणार नाही. समजून घे."

तासाभरात तिचा आवाजी संदेश. नऊ मिनिटं आणि चाळीस सेकंद! ऐकला नाही. नऊ मिनिटं माझ्या सासरच्या घराण्याचा इतिहास, दादाने काय काय केलं आणि मी काय काय केलं नाही. पाठच आहे मला. सोमवार झाला की ऐकेन, तोवर डोकं शांत ठेवायचं आहे.

१८ एप्रिल, शनिवार

पुन्हा तिचा मेसेज. "ऐकलंत का? प्लीज ऐका." प्लीज म्हणते आहे. उद्या बघू म्हणून फोन उलटा करून ठेवला. उद्या म्हणजे उद्याही नाही, हे मला लिहितानाच माहीत आहे.

२० एप्रिल, सोमवार

गाडी गेली.

दोन मुलगे टो ट्रक घेऊन आले. चौथ्या मजल्यावरून तिला ओढून उतार उतरवताना मी बाजूने चालत होते, तर त्यातला एक म्हणाला, "आंटी, यू वेट डाउनस्टेअर्स लाह." मी थांबले नाही. मग त्यांच्याच ट्रकमध्ये बसून उबीला गेले, कारण सही तिथेच करायची होती.

मिस्टर कोहनी कॉम्प्युटरवर सगळं भरलं. नंबर ठेवायचा का, या रकान्यावर येऊन थांबले. माझ्याकडे बघितलं.

"लास्ट चान्स. शुअर आह? सम पीपल रिग्रेट."

"शुअर," मी म्हटलं. त्यांनी ‘नो’वर टिचकी मारली. मी सही केली. पाच मिनिटांत रद्द झाल्याचा कागद छापून हातात आला.

परतताना बसमध्ये मला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. नुसती भूक लागली होती. घरी येऊन भात टाकला आणि ताक-भात खाल्ला.

२२ एप्रिल, बुधवार

आज ऐकला. ऑफिसला जाताना, बुकित पंजांगच्या एलआरटीत, उभ्याने. मध्येच उतरले आणि कुठल्या स्टेशनावर ते न बघता बाकावर बसले. ऑफिसला गेले नाही. आठवेल तसं लिहिते, तिच्याच शब्दांत. पाच वेळा ऐकलं आहे, फारसं चुकणार नाही.

"वहिनी, तुम्ही माझं पूर्ण ऐकत नाही हे मला माहितीये. एवढं ऐका, मग नाही म्हणा. तुमचा माझ्यावर राग आहे तो असू दे. माझाही होता. बाळ गेलं तेव्हा तुम्ही लिहिलंत, ‘पुन्हा होईल.’ अकरा दिवस जगलेल्या मुलाच्या आईला ‘पुन्हा होईल’ कोण लिहितं? दहा वर्षं मी ते गिळू शकले नाही. पण दादा गेला त्यानंतर आईने कबूल केलं, की तुम्ही हॉस्पिटलात होता आणि तुम्हाला नीट कुणी सांगितलंच नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं, वहिनी.

"नऊ फेब्रुवारीला झाला तो. सातव्या महिन्यातच. एवढासा. काचेच्या पेटीत ठेवला होता. दादा रोज दोन-तीनदा फोन करायचा, एक नर्स होती ती फोन पेटीजवळ धरायची. त्याच्याशी बोलायचा तो, मामा आलाय रे, मामा बघतोय. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, उल्के, गाडी घेणार आहे आणि नंबर सापडलाय. जीपवर ‘राम’ असतो ना, दोनशे चौदा? त्यातला चार म्हणजे म. चार एक चार एक. मामा! म्हणाला, हा मोठा होऊन सिंगापूरला येईल तेव्हा एअरपोर्टवर त्याला सांगायचं, मामा लिहिलेली गाडी ओळख आणि जाऊन बस.

"अकराव्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. दादा विमानतळावरून थेट आला. त्यानेच नेला त्याला, हातातूनच. नंतर म्हणाला, नंबर सोडून देतो, बघवणार नाही. मीच म्हटलं, सोडू नकोस. बाळाच्या दाखल्यावर नावाची जागा मोकळी आहे, वहिनी. ‘उल्काचं बाळ’ एवढंच लिहिलंय. त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, त्याने कुणाला मारली नाही. पण त्याच्यामुळे एक माणूस मामा झाला होता, आणि ते कुठेतरी रस्त्यावर लिहिलेलं फिरत होतं. मी पुण्यात बसून विचार करायचे, आता दादा ऑफिसला निघाला असेल. आता सिग्नलला थांबला असेल.

"कायमचा नाही ठेवता आला तर राहू दे. सहा महिने ठेवा. मला एकदम नका सोडायला लावू."

मधली दोन मिनिटं ती नुसती रडते आहे. ती मी लिहू शकत नाही.

‘दादा’ मी वाचलं. तो बोललाच नव्हता. मी खाली उतरून, मोठ्या हुशारीने, हसत हसत वाचलं आणि तो ‘हो’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? दोन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलातून आलेल्या बायकोला तो कसं सांगणार, की मी मामा झालो होतो आणि आता नाही. ‘राम’मधला चार मीच इथे आठ मार्चला लिहिला आहे. म्हणजे डोळ्यांसमोर होता. एक अक्षर मला लावून बघता आलं नाही.

आणि मी त्याला बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडून विचारलं होतं, किती पाणी घालवणार आहेस.

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळी नऊला मिस्टर कोहच्या दारात होते. शटर उघडायचं होतं.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. नंबर परत पाहिजे म्हटलं. काहीही भरते म्हटलं. दुसरी गाडी घेते, जुनी, कुठलीही, आजच. त्यांनी खुर्ची दिली. फोन केला एकाला, मग दुसऱ्याला, चिनीत बरंच बोलले. फोन ठेवून मान हलवली. नोंदणी रद्द झालेल्या मिनिटाला नंबर सरकारकडे परत गेला. सोमवारी दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी.

"पुन्हा बोलीला येईल का?"

"मेबी. मेबी नेव्हर. ओल्ड नंबर, हू नोज."

मग पाट्या तरी द्या म्हटलं, पत्र्याच्या, पुढची आणि मागची. ते लगेच उठले. गाडी बुधवारी यार्डात गेली होती. तिथे फोन लावला. पाट्या काढून टाकल्या होत्या, कुठल्या ढिगात ते कुणाला माहीत नव्हतं. मी जाऊन शोधते म्हटलं, तर म्हणाले, आत सोडत नाहीत.

मी रडायला लागले तेव्हा मिस्टर कोह पंखा माझ्याकडे वळवून बाहेर जाऊन उभे राहिले. निघताना म्हणाले, "मॅडम, आय आस्क्ड यू." ओरडून नाही, वाईट वाटून. मी म्हटलं, हो, तुम्ही विचारलं होतंत.

२४ एप्रिल, शुक्रवार

उल्काचे दोन मिस्ड कॉल. तिला निळ्या खुणा दिसल्या असणार.

खरं सांगायचं, हे ठरवलं आहे. वाक्यही ठरवलं आहे: उल्का, मी तुझा संदेश ऐकण्याआधीच सही केली होती, चूक माझी आहे. मीनलला फोनवर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे, असंच सांग, त्याहून जास्त बोलू नकोस.

२५ एप्रिल, शनिवार

दुपारी तिचाच फोन आला. मी उचलला.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तिने उठून गॅस बंद केला असावा. परत येऊन म्हणाली, "मी रागावून नव्हते बोलले, वहिनी."

"माहितीये. उल्का, मला खरंच माहीत नव्हतं गं. मला त्याने एवढंच सांगितलं की सातव्या महिन्यात गेलं. मला वाटलं..."

"कळलं मला. आईने सांगितलं म्हणाले ना. सोड ते." आणि मग, एकदम लहान आवाजात, "नंबर?"

वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं.

"ठेवलाय," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते कसं निघालं, मी सांगू शकत नाही. प्रबोधच्या तोंडून ‘हो, दादा’ असंच निघालं असेल. ती रडली. थँक्यू म्हणाली, चार-पाचदा. कुठल्या नावावर ठेवलाय विचारलं, माझ्या म्हटलं. किती महिने, विचारलं, मी म्हटलं, वाढवून मिळतात. एकाला दुसरं जोडत गेले आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज मोकळा होत गेला. शेवटी मी इतकी वर्षं ‘दादा’ वाचत होते हे सांगितलं तेव्हा तर ती हसली, म्हणाली, दादा कसला हुशार, दहा वर्षं तुला फसवलं बघ, मामाचा दादा करून.

मला फोन ठेवायचा होता. लाजेने, नुसत्या लाजेने. पण ठेवण्याआधी मी विचारलं, आणि हे मात्र मनापासून विचारलं, "बारशाला नाव काय ठेवणार होतीस?"

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला हे दहा वर्षांत कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "दादानेसुद्धा नाही. ठरलं होतं माझं. कुणाला सांगितलं नाही, म्हटलं आपल्यापाशी एवढं तरी राहू दे. पण तू त्याचा नंबर ठेवलास. म्हणून तुला सांगते."

आणि तिने मला नाव सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही. माझा त्याच्यावर हक्क नाही.